गाडी वेगळी बोलून राहिली!

मुलांनो, तुमच्या घरात सर्वांत चांगले कान कोणाचे? आजीचे? बाबांचे? की घरात कुणी नवीन खाऊचा डबा उघडला की आतल्या खोलीतून धावत येणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाचे?

मला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मागच्या हिवाळ्यापर्यंत मी बेधडक सांगितलं असतं, "माझे!" चौथीच्या वर्गाची बाई आहे मी. फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला बरोबर कळतं. पण मागच्या हिवाळ्यात माझ्या कानांची चांगलीच परीक्षा झाली आणि मी साफ नापास झाले. पास कोण झालं, तर माझी पाचवीतली भाची. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही नागपूरजवळ बेसा इथे राहतो. मी लहान होते तेव्हा बेसा म्हणजे शेतं, विहिरी आणि बैलबंड्या. माझ्या आजोबांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. त्याची 'पुक पुक पुक' घरापर्यंत ऐकू यायची. ती थांबली की आजोबा हातातला चहा तसाच ठेवून उठायचे. आता त्या शेतांवर लेआऊट पडले, फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. मानेवाडा-बेसा रस्त्यावर रात्रीही दिवसासारखी गर्दी असते. माझ्या भावानं उरलेली शेती सांभाळून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. पहाटे तो संत्री आणि भाजीपाला भरून कळमन्याच्या बाजारात जातो आणि साडेनऊपर्यंत परत येतो. मग जाता जाता मला आणि भाचीला शाळेत सोडतो. गाडीचा हप्ता, भाचीची फी, बाबांची औषधं, सगळं त्या चार चाकांवर चालतं.

डिसेंबरातली गोष्ट. एका सकाळी गाडीत बसल्यावर भाची म्हणाली, "आत्या, गाडी आज वेगळी बोलून राहिली."

"वेगळी म्हणजे?"

"रोज घर्रर्र करते. आज मधातच टक टक करून राहिली."

मी कान दिला. मला नुसतं घर्रर्रच ऐकू आलं. भाऊ म्हणाला, "डिझेलची गाडी आहे बाप्पा, आवाज तर करणारच. चूप बस." आणि त्यानं गाणी मोठ्यानं लावली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. भाची म्हणायची "टक टक", भाऊ गाण्यांचा आवाज वाढवायचा. मी मात्र तिची समजूत काढायला म्हटलं, "असं कर, तुला जे ऐकू येतं ते वहीत लिहून ठेव. कधी येतं, कसं येतं, कधी येत नाही." डी.एड.ला असताना आमच्या सरांनी आम्हांला अशीच वही ठेवायला लावली होती. 'आधी निरीक्षण, मग अनुमान,' असं ते सांगत. खरं सांगू का? मी ते तिला गप्प करण्यासाठीच सांगितलं होतं. पण मुलं मोठ्यांचं बोलणं खरं मानतात, बरं का! तिनं खरोखरच वही घातली.

आठ दिवसांनी तो आवाज मलाही ऐकू येऊ लागला. दहाव्या दिवशी भावालाही मान्य करावं लागलं. गाडी उभी असताना इंजिनातून कुणी छोट्या हातोडीनं ठोकावं तसा आवाज येत होता. भावानं रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसानं दोन मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून ऐकलं आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलं. इंजिन उतरवा." खर्च किती? चाळीस-पन्नास हजार!

त्या रात्री भाऊ माझ्या घरी आला. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज मिळेल का, असं विचारू लागला. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक दलाल म्हणतो, इंजिनात जाड ऑइल टाका. आठ-पंधरा दिवस आवाज दबून राहते. बुटीबोरीकडचा एक पोरगा गाडी शोधून राहिला. रविवारी दाखवून देऊ."

मुलांनो, मी शाळेत दर शनिवारी तुमच्यासारख्या मुलांना प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगते. त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं? पण मला पतसंस्थेचा हप्ता दिसत होता, माझ्या घराचं छत गळत होतं तेही आठवत होतं. मी काहीच बोलले नाही. नुसती चूप बसले. आणि अशा वेळी चूप बसणं म्हणजे अर्धं 'हो' म्हणणंच असतं.

भाची कोपऱ्यात गृहपाठ करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बाबा, जाड ऑइल टाकलं की टक टक जाते का?"

"नाही, नुसती ऐकू येत नाही."

"मग त्या काकांना ती कधी ऐकू येईल? गाडी घेतल्यावर?"

भावानं उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. पण जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "उद्या सकाळची शाळा आहे ना तुझी? दुपारी अजून एका मिस्त्रीला दाखवू. तो काय म्हणते ते पाहू."

हे मिस्त्रीकाका म्हातारे. मानेवाड्याच्या अलीकडे टिनाच्या शेडमध्ये त्यांचं काम चालतं. शनिवारी दुपारी आम्ही तिघं पोचलो. भावानं सुरुवातच केली, "बेअरिंग गेलं म्हणतात जी..."

मिस्त्रीकाकांनी हात वर केला. "रोग तुम्ही सांगू नका. त्रास सांगा. आवाज कधी येते? थंड्या इंजिनात का गरम? रिकाम्या गाडीत का भरलेल्या?"

भाऊ डोकं खाजवू लागला. मी पायांकडे पाहू लागले. आणि भाचीनं दप्तरातून वही काढली! तिच्याच शब्दांत सांगते:

'पहाटे गाडी सुरू केली की टक टक जास्त. शाळेपर्यंत थोडी कमी होते. रविवारी बाबांसोबत कळमन्याला गेली होती. संत्री भरलेली होती तेव्हा जास्त. क्लच दाबला तरी तशीच. गाडी उभी असली तरी येते. जोरात पळवली की जोरात जोरात येते. मागून काळा धूर. लाल दिवा सुरू करताना लागतो, मग विझतो.'

मिस्त्रीकाकांनी वही दोनदा वाचली. "पोरी, तू तर माझं अर्धं काम करून आणलं!" ते म्हणाले. मग त्यांनी आम्हांला एकेक ओळ उलगडून सांगितली. आवाज गाडी उभी असतानाही येतो, म्हणजे तो चाकांचा नाही. क्लच दाबल्यावर बदलत नाही, म्हणजे बहुतेक क्लच-गिअरचाही नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो, म्हणजे इंजिनातलाच. लाल दिवा ऑइलचा. तो विझतो, म्हणजे ऑइलचा दाब ठीक दिसतो. बेअरिंग झिजलं असेल तर इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झाल्यावर आवाज वाढायला हवा. इथे तर तो कमी होतो!

"म्हणजे बेअरिंग चांगलं आहे?" भावाचा चेहरा उजळला.

"घाई करू नका. भरल्या गाडीत वाढते असंही लिहिलं आहे. ते बेअरिंगकडे बोट दाखवते. अजून पाहू."

आता त्यांनी एक गंमत केली. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. मग टोक इकडून तिकडे सरकवत गेले. तुम्हांला डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आठवला ना? बरोबर! 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची घट्ट गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिला कान लावला, तेव्हा त्यांना हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू आले. त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्रीकाकांचा स्क्रू ड्रायव्हर त्याचाच चुलतभाऊ. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पोलादातून सुमारे पाच हजार मीटर! शिवाय टोक जिथे टेकवलं तिथलाच आवाज कानाशी जास्त येतो, आजूबाजूचा गोंगाट मागे राहतो.

मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली, दोन बोटांवर थेंब घेतला आणि उन्हात चोळून पाहिला. धातूचा चुरा चमकतो का ते ते बघत होते. चमक नव्हती. आणखी एक पुरावा!

पुढचं समजायला डिझेल इंजिन कसं चालतं ते थोडं समजून घेऊ. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसतेच. तिथे हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबतात. ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. मग एका बारीक नोझलमधून डिझेल धुक्यासारखं आत फवारायचं, की ते आपोआप पेटतं आणि दट्ट्याला खाली ढकलतं. ही युक्ती काढली रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं. 1893 साली त्याला पेटंट मिळालं आणि 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावात त्याचं इंजिन नीट चालून दाखवलं गेलं. त्या चार वर्षांत त्याला किती अपयशं आली असतील! आपल्या पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना सुरू झाला आणि अशी इंजिनं खेड्यापाड्यांतल्या विहिरींवर पोचली.

आमच्या पिकअपमध्ये चार सिलिंडर. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला चारशे वेळा डिझेल पेटतं. चारांचे मिळून सोळाशे स्फोट! त्या गर्दीत एकच टक टक शोधायची.

मिस्त्रीकाकांनी पाना घेतला. हात फडक्यानं झाकले. पहिल्या सिलिंडरकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीचा नट किंचित ढिला केला. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं झालं, इंजिन लंगडू लागलं. टक टक मात्र चालूच. नट घट्ट केला. दुसरा नट ढिला केला. इंजिन लंगडलं. टक टक चालूच. तिसरा...

आवाज बंद!

"गेला!" भाची ओरडली. मिस्त्रीकाकांनी खात्रीसाठी चौथाही तपासून पाहिला. नाही, चोर तिसऱ्याच घरात होता.

(इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा प्रयोग तुम्ही कधीही करायचा नाही. त्या नळीतलं डिझेल इतक्या दाबानं येतं की ते कातडी फोडून आत शिरू शकतं. आणि नव्या गाड्यांमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींहून जास्त असतो. तिथे मिस्त्रीही नट ढिला करत नाहीत, संगणक जोडून तपासतात.)

"सापडलं! नोझल खराब!" भाऊ म्हणाला.

"अजून नाही," मिस्त्रीकाका म्हणाले. मला त्यांचं फार नवल वाटलं. माणूस इतका जवळ पोचूनही उत्तर सांगत नव्हता! ते म्हणाले, "तिसऱ्याचं डिझेल बंद केलं की तिथला जोरही गेला. बेअरिंग खराब असलं तरी जोर नसताना त्याचा आवाज दबते. म्हणजे घर सापडलं, चोर नाही सापडला."

मग आता? मुलांनो, क्षणभर वाचणं थांबवा आणि विचार करा. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल खराब आहे की बेअरिंग, हे इंजिन न खोलता कसं ओळखाल?

मिस्त्रीकाकांनी काय केलं सांगते. पहिल्याचं नोझल तिसऱ्यात बसवलं आणि तिसऱ्याचं पहिल्यात. बस्स! आवाज नोझलचा असेल तर तो नोझलबरोबर पहिल्या घरात जाईल. बेअरिंगचा असेल तर तिसऱ्यातच राहील. बेअरिंग कुठे उठून जाणार!

त्या कामाला तासभर लागला. तो तास मी विसरणार नाही. भाऊ शेडच्या बाहेर येरझारा घालत होता. त्याच्या खिशात दलालाचा फोन दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही. मी मनातल्या मनात पतसंस्थेच्या हप्त्याचा हिशेब करत होते आणि बुटीबोरीच्या त्या मुलाचाही. तोही कुणाचा तरी भाऊच असेल ना? त्यानंही कर्जच काढलं असेल. पंधरा दिवसांनी आवाज वर आला असता, तर तो कुणाच्या दारात बसला असता?

नवी तांब्याची वॉशरं बसली, नट घट्ट झाले, नळ्यांतली हवा काढून झाली. मिस्त्रीकाकांनी भाचीला जवळ बोलावलं. "आता तू ऐक. तुझे कान माझ्याहून तेज आहेत." हेही खरंच आहे, बरं का. वय वाढतं तसे बारीक, उंच आवाज ऐकू येणं हळूहळू कमी होतं. लहान मुलांचे कान त्यात मोठ्यांच्या पुढेच असतात.

गाडी सुरू झाली. टक टक होतीच. त्यांनी तिसरा नट ढिला केला. आम्ही श्वास रोखले. टक टक चालूच! मग पहिला नट ढिला केला.

भाचीनं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "गेली. आता ती इथं राहायला आली."

आवाज घर बदलून गेला होता. बेअरिंग निर्दोष सुटलं! भाऊ तिथंच टायरवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते त्यानं धुरावर ढकललं.

ते नोझल पंप दुरुस्तीच्या दुकानात यंत्रावर लावून पाहिलं तेव्हा सगळं स्पष्ट झालं. धुक्यासारखा फवारा उडायच्या ऐवजी टोकाशी थेंब लोंबत होते. मोठे थेंब लगेच पेटत नाहीत. डिझेल थोडं साचतं आणि मग एकदम भडकतं. गॅसचं बटण सुरू करून काडी पेटवायला उशीर झाला, की आईच्या हाताशी 'भप्प' होतं ना, तसंच. त्या छोट्या भप्पचीच ती टक टक. धड न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून निघत होतं. थंड इंजिनात डिझेल आणखी उशिरा पेटतं, म्हणून पहाटे आवाज जास्त. आणि भरलेल्या गाडीत डिझेलच जास्त लागतं, म्हणून तेव्हाही जास्त. वहीतली एकेक ओळ जागेवर बसली.

पण नोझल खराब का झालं? मिस्त्रीकाकांनी डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी आमच्यासमोर वाटीत काढून दाखवलं. फिल्टर बदलायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. भाऊ म्हणाला, "या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू, असं करत राहून गेलं." नवं नोझल, नवा फिल्टर आणि मजुरी मिळून अडीच हजारांत काम झालं. असाच गाडी चालवत राहिला असता, तर पुढे इंजिनाचंही नुकसान झालं असतं, असं मिस्त्रीकाकांनी बजावलं.

निघताना मी विचारलं, "काका, तुम्ही पहिल्यांदाच 'नोझल' असं का नाही म्हणालात? अंदाज तर आला असेल."

ते हात पुसत म्हणाले, "अंदाज आला होता मॅडम. पण अंदाजाचे पैसे गिऱ्हाईकाला लागतात."

हे वाक्य मी घरी आल्यावर भाचीच्याच वहीत लिहून ठेवलं. कारण मीही वर्गात कितीदा अंदाजानं निकाल देते! 'हा लक्ष देत नाही', 'ती आळशी आहे'. त्रास न विचारताच मी रोग सांगून मोकळी होते. सोमवारी मी मागच्या बाकावरच्या एका मुलाला पुढे बोलावलं आणि न रागावता विचारलं, "तुला फळ्यावरचं कधी दिसत नाही? सकाळी, की दुपारी?" तो म्हणाला, "दुपारी, बाई. खिडकीतून ऊन येते न, फळा चमकते." मी गेले सहा महिने त्याला वही अपुरी म्हणून ओरडत होते!

दलालाला भावानं त्याच संध्याकाळी फोन केला. गाडी विकायची नाही, असं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "आणि विकली असती, तरी आवाजासकट विकली असती." हे तो दलालाला सांगत होता की आम्हांला, कोण जाणे! मी मात्र मान खाली घातली. हे वाक्य शुक्रवारी रात्री मी म्हणायला हवं होतं.

आता रोज सकाळी आम्ही गाडीत बसलो, की पहिली पाच मिनिटं गाणी बंद असतात. भाऊ भाचीकडे बघून भुवया उडवतो. ती डोळे मिटून ऐकते आणि मग म्हणते, "ठीक आहे. बरोबर बोलून राहिली." मगच गाणी सुरू होतात.

तुम्हीही करून पाहा. उद्या पाच मिनिटं डोळे मिटून घरात बसा. पंखा, फ्रीज, पाण्याची मोटर, आजोबांचा खोकला. काय रोजचं आहे आणि काय वेगळं, ते वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

आणि हे वाचणाऱ्या आई-बाबांना एकच विनंती. तुमचं मूल म्हणालं, की आज काहीतरी वेगळं ऐकू येतंय, तर गाण्यांचा आवाज वाढवू नका. थोडा कमी करा.